स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद (मूळ नाव : जगन्नाथ गणेश गुणे, जन्म : डभोई, बडोदा संस्थान, ३० ऑगस्ट १८८३, मृत्यू : १८ एप्रिल १९६६) हे मराठी योगशिक्षक, योगोपचाराचे एक आद्य प्रवर्तक आणि योगक्रियांचा शरीरशास्त्राच्या अंगाने अभ्यास करणारे संशोधक होते. लोणावळा येथील कैवल्यधाम या संस्थेचे ते संस्थापक आणि योगमीमांसा या नियतकालिकाचे संस्थापक-संपादक होत. आसने, प्राणायाम व शुद्धिक्रिया यांचा देहावर नेमका कोणता परिणाम होतो, याची उपकरणांच्या साहाय्याने मोजणी करण्याचा भारतातील सर्वांत आरंभीचा पद्धतशीर प्रयत्न त्यांनी केला. योग शिकवणे, योगाने रुग्णांवर उपचार करणे आणि योगाची परीक्षा घेणे ही तीन कामे त्यांनी आयुष्यभर एकत्र चालवली. गुरूने शिष्याच्या कानात सांगायची विद्या वर्गात, प्रयोगशाळेत आणि रुग्णालयात आणणे हे त्यांच्या कार्याचे मुख्य सूत्र म्हणता येईल.

बालपण आणि शिक्षण

जगन्नाथ गुणे यांचा जन्म एका कऱ्हाडे ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील गणेश लक्ष्मण गुणे हे शिक्षक होते. आईचे नाव सरस्वती. घरची परिस्थिती बेताची असल्याने शिक्षणासाठी त्यांना इतरांच्या साहाय्यावर अवलंबून राहावे लागले. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृत विषयासाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. या शिष्यवृत्तीमुळे त्यांना बडोदा कॉलेजात प्रवेश घेता आला. १९१० साली ते पदवीधर झाले. संस्कृतवरील हे प्रभुत्व त्यांना पुढे फार उपयोगी पडले. हठयोगाचे मूळ ग्रंथ त्यांना स्वतः वाचता येत होते. भाषांतरकारांवर किंवा टीकाकारांवर विसंबून राहण्याची गरज त्यांना नव्हती.

त्या काळी बडोदा हे सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यकारभारामुळे शिक्षण, ग्रंथालये आणि व्यायाम यांचे मोठे केंद्र बनले होते. अरविंद घोष हे १९०६ पर्यंत बडोदा कॉलेजात अध्यापन करीत होते. त्यांच्या आणि लोकमान्य टिळकांच्या विचारांचा तरुण गुणे यांच्यावर खोल परिणाम झाला. याच सुमारास त्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतले आणि आयुष्य लोकसेवेत घालवण्याचे ठरवले.

माणिकरावांचे शिष्यत्व

१९०७ ते १९१० या काळात गुणे यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे शरीरशिक्षणाचे धडे घेतले. माणिकराव हे जुम्मादादांचे शिष्य व उत्तराधिकारी होते. मल्लखांब, लाठी, लेझीम अशा देशी व्यायामप्रकारांचे ते नामांकित शिक्षक होतेच, शिवाय मालिश करणे आणि निखळलेली वा दुखावलेली हाडे बसवणे यांतही त्यांची ख्याती होती. आखाडा आणि हाडवैद्यकी यांचे नाते महाराष्ट्रात व गुजरातेत जुने आहे. कुस्तीत किंवा मल्लखांबावर खांदा निखळला, मनगट मुरगळले, तर उपचार करणारा माणूस आखाड्यातच असे आणि तो बहुधा उस्तादच असे.

या शिक्षणातून गुणे यांना दोन गोष्टी मिळाल्या. पहिली म्हणजे, शरीर घडवणारा आणि शरीर दुरुस्त करणारा माणूस एकच असू शकतो, ही दृष्टी. दुसरी, सामुदायिक शिक्षणाची पद्धत. माणिकरावांनी आज्ञांच्या तालावर मोठ्या समूहाला एकाच वेळी व्यायाम शिकवण्याची रीत रूढ केली होती. योगासनांसारखी एकट्याने, एकांतात करण्याची गोष्ट शाळेच्या मैदानावर शेकडो मुलांकडून कशी करून घ्यावी, याचे बीज या संघव्यायामात होते.

अमळनेर येथील अध्यापन

पदवी घेतल्यानंतर गुणे यांनी शिक्षणक्षेत्र निवडले. खानदेशातील अमळनेर (आता जळगाव जिल्हा) येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला. १९१६ साली ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. संस्थेचे वातावरण राष्ट्रवादी होते आणि ते सरकारच्या डोळ्यांत खुपत होते. १९२० साली सरकारने हे महाविद्यालय बंद पाडले. १९१६ ते १९२३ या काळात गुणे यांनी शाळा व महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृती हा विषय शिकवला.

अमळनेरची ही वर्षे चरित्रकारांकडून बहुधा दोन ओळींत आटोपली जातात. परंतु पुढील कार्याच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहेत. खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांचे अज्ञान आणि अंधश्रद्धा त्यांनी जवळून पाहिली. विषयाची पायरीपायरीने मांडणी करणे, अवघड भाग सोपा करून सांगणे, विद्यार्थ्याच्या शंकेला उत्तर देणे ही शिक्षकाची शिस्त त्यांच्या अंगी बाणली. त्यांची पुढील पुस्तके वाचताना त्यामागे वर्गात उभा राहिलेला शिक्षक आहे, हे सहज जाणवते.

माधवदासजींची भेट

१९१९ साली गुणे यांची भेट परमहंस माधवदासजी यांच्याशी झाली. माधवदासजी हे मूळचे बंगालचे वृद्ध योगी होते. बडोद्यापासून जवळ, नर्मदेच्या काठी मालसर येथे त्यांचा आश्रम होता. त्यांच्याकडे गुणे यांनी हठयोगाच्या क्रिया प्रत्यक्ष शिकून घेतल्या. मुंबईजवळ वर्सोवा येथे १९१८ साली द योगा इन्स्टिट्यूट स्थापन करणारे श्रीयोगेंद्र हेही माधवदासजींचेच शिष्य होते. एकाच गुरूच्या या दोन शिष्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी राहून योग हा संसारी माणसाच्या आरोग्याचा विषय बनवला. आधुनिक योगाच्या इतिहासात मालसरला म्हणूनच विशेष स्थान आहे.

गुरूवर श्रद्धा असली तरी गुणे यांचा पिंड चिकित्सकाचा होता. क्रियेचा अनुभव स्वतःला येतो, एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. तो अनुभव कशामुळे येतो आणि दुसऱ्यालाही तो तसाच येईल का, हा प्रश्न त्यांना अस्वस्थ करीत असे.

बडोदा येथील प्रयोग

१९२०-२१ मध्ये गुणे यांनी बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने उड्डियान बंध आणि नौली या दोन क्रियांचा अभ्यास केला. या दोन्ही क्रिया पोटाशी संबंधित आहेत. उड्डियानात श्वास पूर्ण बाहेर टाकून, तो बाहेरच रोखून छाती फुलवली जाते. हवा आत येत नसल्याने श्वासपटल वर ओढले जाते आणि पोट खोल आत जाते. नौलीत याच स्थितीत पोटाचे मधले उभे स्नायू आकुंचित करून पुढे काढले जातात आणि सरावाने ते डावीउजवीकडे फिरवले जातात.

हठयोगातील बस्ती या शुद्धिक्रियेत साधक पाण्यात बसून गुदमार्गाने पाणी आत ओढून घेतो. हे पाणी आत कसे जाते, याविषयी अनेक समजुती होत्या. कोणी त्याचे श्रेय गुदद्वाराच्या स्नायूंना देत, कोणी अपानवायूवरील सिद्धीला. गुणे यांनी आतड्यातील दाब दाबमापकाने मोजला. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणजे तेथे अंशतः निर्वात स्थिती निर्माण होते, असे त्यांना आढळले. पाणी आत शिरते ते या दाबातील फरकामुळे. या स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ माधवदास निर्वात असे नाव दिले. क्रिया करताना आतड्यातील पदार्थांची जागा कशी बदलते, हेही पुढे क्ष-किरण छायाचित्रांच्या साहाय्याने तपासण्यात आले.

या प्रयोगाचे महत्त्व दुहेरी आहे. योगग्रंथांत सांगितलेली क्रिया प्रत्यक्षात घडते, हे त्याने दाखवले. त्याच वेळी तिच्यामागे कोणतीही गूढ शक्ती नसून स्नायू व दाब यांचे साधे नियम आहेत, हेही दाखवले. सिद्धीचे वलय गळून पडले आणि शिकवता येण्याजोगी क्रिया उरली. अनेक साधकांना हा तोटा वाटला असता. गुणे यांनी तो लाभ मानला.

कैवल्यधाम आणि योगमीमांसा

ऑक्टोबर १९२४ मध्ये गुणे यांनी पुणे जिल्ह्यातील लोणावळा येथे कैवल्यधामाची स्थापना केली. पुढे ते स्वामी कुवलयानंद या नावानेच सर्वत्र ओळखले गेले. लोणावळा हे मुंबई आणि पुणे या दोन शहरांना जोडणाऱ्या लोहमार्गावर, घाटमाथ्यावर वसलेले थंड हवेचे ठिकाण आहे. आश्रमाला लागणारी शांतता तेथे होती आणि रुग्ण, डॉक्टर व आश्रयदाते यांना सहज पोहोचता येईल अशी सोयही होती.

संस्थेबरोबरच योगमीमांसा हे त्रैमासिक सुरू झाले. ते इंग्रजीत काढण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. प्रयोगांचे निष्कर्ष देशातील आणि परदेशातील वैद्यक व शरीरशास्त्राच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचावेत, त्यांनी ते तपासावेत, ही त्यामागची अपेक्षा होती. त्रैमासिकाची रचना तीन थरांची होती. वैज्ञानिक विभागात प्रयोगांची तपशीलवार नोंद असे. अर्धवैज्ञानिक विभागात त्याच विषयाची शरीरशास्त्राच्या आधारे चर्चा असे. लोकप्रिय विभागात सामान्य वाचकाला आसने कशी करावीत, याचे छायाचित्रांसह मार्गदर्शन मिळे. जे मोजले आहे, ज्याविषयी तर्क केला आहे आणि जे फक्त शिकवायचे आहे, यांची वाचकाच्या डोळ्यांसमोर केलेली ही विभागणी त्या काळातील योगविषयक लेखनात दुर्मीळ होती.

पहिल्या काही वर्षांत उड्डियान व नौली यांच्याशिवाय शीर्षासन, सर्वांगासन यांसारख्या आसनांचा रक्तदाबावर होणारा परिणाम तसेच प्राणायामातील वायूंची देवघेव, असे विषय हाताळण्यात आले.

आसने आणि प्राणायाम यांवरील विचार

१९३० च्या दशकाच्या आरंभी कुवलयानंदांची आसने व प्राणायाम या विषयांवरील दोन इंग्रजी पुस्तके प्रसिद्ध झाली. योग शिकवणाऱ्यांच्या पुढील पिढ्यांनी ती आधारग्रंथ म्हणून वापरली.

त्यांनी आसनांची ध्यानासाठीची आणि शरीरसंवर्धनासाठीची अशी दोन गटांत विभागणी केली. पद्मासन, सिद्धासन यांसारखी आसने स्थिर बसण्यासाठी आहेत. भुजंगासन, शलभासन, पश्चिमोत्तानासन, अर्धमत्स्येंद्रासन यांसारखी आसने शरीर घडवण्यासाठी आहेत. दुसऱ्या गटाच्या मांडणीत पाठीच्या कण्याला मध्यवर्ती स्थान होते. कणा पुढे वाकला पाहिजे, मागे वळला पाहिजे आणि दोन्ही बाजूंना पिळला गेला पाहिजे, तरच त्याची लवचीकता टिकते. कणा लवचीक असला की मज्जासंस्थेचे आरोग्य राखले जाते, असे ते शिकवीत. स्नायू फुगवणे हे त्यांच्या मते शरीरशिक्षणाचे दुय्यम उद्दिष्ट होते. पचन, रक्ताभिसरण, ग्रंथी आणि मज्जातंतू यांचे कार्य सुरळीत राहणे हे त्यांनी मुख्य मानले.

प्राणायामाविषयीचे त्यांचे मत प्रचलित समजुतीला छेद देणारे होते. दीर्घ श्वासामुळे शरीराला पुष्कळ जास्त प्राणवायू मिळतो आणि त्यातच प्राणायामाचे मर्म आहे, असे तेव्हा सर्वत्र सांगितले जाई. आजही सांगितले जाते. कुवलयानंदांनी मोजमापांच्या आधारे हे स्पष्टीकरण बाजूला सारले. प्राणायामाचे मूल्य जादा प्राणवायूत नसून श्वसनयंत्रणेला लागणाऱ्या वळणात आणि मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामात आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले.

आसनांच्या वर्णनाबरोबरच ती कोणी करू नयेत, हेही त्यांनी स्पष्टपणे लिहिले. कान वाहणारे, दुर्बल हृदयाचे, रक्तदाब प्रमाणाबाहेर असलेले अशा लोकांनी काही आसने स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत, असा इशारा त्यांच्या पुस्तकात आढळतो.

योगोपचार

कैवल्यधामात आरंभापासून रुग्ण येत असत. १९३२ साली मुंबईत संस्थेची शाखा निघाली आणि १९३६ साली मरीन ड्राइव्ह येथे चौपाटीजवळ ईश्वरदास चुनीलाल योगिक आरोग्य केंद्र सुरू झाले. मुंबईतील नोकरदार, व्यापारी आणि विद्यार्थी यांना दररोज येऊन योग शिकता यावा, अशी तेथील व्यवस्था होती. १९४३ साली राजकोट येथेही शाखा सुरू झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी औषधाविना उपचार करणाऱ्या अनेक पद्धती जगभर उदयास आल्या. जर्मनीतील लुई कुने यांची जलचिकित्सा भारतात लोकप्रिय झाली होती. अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट येथे डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ साली कायरोप्रॅक्टिक ही मणके हाताने बसवण्याची उपचारपद्धती सुरू केली आणि लवकरच तिचे शिक्षण देणारी शाळाही काढली. बहुतेक रोगांचे मूळ जागचे हललेल्या मणक्यांत आहे, असा पामर यांचा सिद्धांत होता. कुवलयानंदांनीही कण्याला मोठे महत्त्व दिले, उपचारकेंद्र आणि विद्यालय अशी जोडी उभारली. परंतु सर्व रोगांचे एकच कारण आणि त्यावर एकच उपाय, असा दावा त्यांनी केला नाही. त्यांच्या उपचारांत आसने, शुद्धिक्रिया, प्राणायाम, आहार आणि मनाची शांती यांचा रुग्णानुसार मेळ घातलेला असे.

१९२७ साली महात्मा गांधी उच्च रक्तदाबाने आजारी पडले, तेव्हा त्यांनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला. या काळात गांधीजींनी त्यांना लिहिलेली पत्रे गांधी वाङ्मयात समाविष्ट आहेत. आपल्यावर होणाऱ्या परिणामांची ते त्यांतून बारकाईने माहिती देत असत.

१९६० च्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यात श्रीमती अमोलक देवी तीरथराम गुप्ता योगिक रुग्णालय सुरू झाले. दीर्घकाळ चालणाऱ्या विकारांवर योगोपचार करणे आणि त्या उपचारांच्या नोंदी ठेवणे हा त्याचा हेतू होता. डॉ. एस. एल. विनेकर यांच्या सहकार्याने कुवलयानंदांनी लिहिलेला योगोपचाराची तत्त्वे व पद्धती सांगणारा इंग्रजी ग्रंथ केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या वतीने १९६३ साली प्रसिद्ध झाला.

शालेय शरीरशिक्षणातील कार्य

कुवलयानंद हे शरीरशिक्षणाचे मान्यवर तज्ज्ञ होते. मुंबई इलाख्यातील सरकारने शरीरशिक्षणाविषयी नेमलेल्या समित्यांवर त्यांनी काम केले. १९३७ साली नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. शिक्षकांना शरीरशिक्षणाचे प्रशिक्षण देणारी संस्था मुंबईजवळ कांदिवली येथे १९३८ साली उभी राहिली, तिच्यामागे या समितीची प्रेरणा होती.

शाळांसाठी त्यांनी यौगिक संघव्यायाम ही पुस्तिका तयार केली. बडोद्याच्या आखाड्यात पाहिलेली सामुदायिक कवायतीची रीत आणि मालसरला शिकलेली आसने यांचा मेळ त्यात दिसतो. कोणतेही उपकरण नको, मोठे मैदान नको, खर्च नको. गरीब देशातील शाळेला परवडेल असा हा व्यायाम होता. आज शाळांतून आणि सार्वजनिक मैदानांवर रांगेत उभे राहून केली जाणारी योगासने लोकांना परंपरागत वाटतात. वस्तुतः हे रूप विसाव्या शतकात घडले आणि त्याच्या घडणीत कुवलयानंदांचा वाटा मोठा आहे.

महाविद्यालय आणि ग्रंथसंपादन

१९५१ साली कैवल्यधामात गोवर्धनदास सेक्सरिया योग व सांस्कृतिक समन्वय महाविद्यालय सुरू झाले. अभ्यासक्रम, व्याख्याने, प्रात्यक्षिके आणि परीक्षा या मार्गाने योगशिक्षक तयार करणारे हे देशातील आरंभीच्या महाविद्यालयांपैकी एक होय. योगाचा शिक्षक कोणाला म्हणावे, या प्रश्नाला तोपर्यंत गुरूची कृपा हे एकच उत्तर होते. महाविद्यालयाने त्याला अध्ययनाची आणि परीक्षेची जोड दिली.

प्रयोगशाळेइतकेच लक्ष त्यांनी ग्रंथांकडेही दिले. हठयोगाच्या प्रतींमध्ये पाठभेद विपुल आहेत; छापील आवृत्त्यांत चुका आहेत. मूळ पाठ ठरवल्याशिवाय क्रियेचे वर्णन विश्वसनीय होत नाही, या जाणिवेतून संस्थेत तत्त्वज्ञान व ग्रंथसंशोधनाचा विभाग विकसित झाला. तर्कतीर्थ रघुनाथशास्त्री कोकजे यांच्यासारखे पंडित या कामाशी जोडले गेले. कुवलयानंदांच्या निधनानंतर, १९७० साली, स्वामी दिगंबरजी आणि कोकजे यांनी संपादित केलेली हठप्रदीपिका कैवल्यधामाने प्रसिद्ध केली. अभ्यासक ती आजही वापरतात.

मूल्यमापन

कुवलयानंदांचे सर्वच निष्कर्ष काळाच्या कसोटीवर सारखे उतरले आहेत, असे म्हणता येणार नाही. त्यांची उपकरणे मर्यादित होती आणि प्रयोगातील व्यक्तींची संख्या लहान असे. आसनांमुळे अंतःस्रावी ग्रंथी, विशेषतः सर्वांगासनामुळे थायरॉइड ग्रंथी निरोगी राहते, हे त्यांचे स्पष्टीकरण शरीररचनेवरून काढलेले अनुमान होते. ते प्रत्यक्ष मोजमापावर आधारलेले नव्हते. पुढील योगपुस्तकांनी मात्र ते सिद्ध सत्य म्हणून उचलले. योगशिक्षक स्वतःच योगाची परीक्षा घेत असेल, तर निष्कर्ष अनुकूल दिशेने झुकण्याचा धोका असतो, हा आक्षेपही रास्त आहे.

या धोक्यावरील उतारा म्हणजे बाहेरच्या अभ्यासकाला दार उघडे ठेवणे, आणि ते त्यांनी केले. येल विद्यापीठातील मानसशास्त्राचे अभ्यासक कोवूर बेहनान हे १९३० च्या दशकात लोणावळ्यास येऊन कुवलयानंदांकडे योग शिकले. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात योगाच्या शांतवणाऱ्या परिणामांची नोंद आहे. परंतु काही प्राणायामप्रकार करताना प्राणवायूचा वापर वाढतो आणि प्राणायामानंतर लगेच घेतलेल्या साध्या बौद्धिक चाचण्यांत गती मंदावते, असे निष्कर्षही त्यात आहेत. पहिला निष्कर्ष कुवलयानंदांच्या मताशी सहज जुळणारा नाही. दुसरा योगाच्या प्रचाराला सोयीचा नाही. लोणावळ्यात शिकलेल्या अभ्यासकाला असे लिहिता आले, हे कुवलयानंदांनी सुरू केलेल्या परीक्षेच्या पद्धतीचेच फलित होय.

योगाचे समर्थक आणि टीकाकार दोघेही त्यांचे नाव घेतात, ते याच कारणाने. एखाद्या आसनाचा अमुक लाभ होतो, असे त्यांनी सांगितले म्हणून ते मान्य करावे, असा त्यांचा आग्रह नव्हता. तो लाभ मोजता यावा, दुसऱ्याने पुन्हा मोजून पाहावा आणि न आढळल्यास तसे लिहावे, ही अपेक्षा त्यांच्या त्रैमासिकाच्या रचनेतच अनुस्यूत होती. त्यांच्या एखाद्या निष्कर्षापेक्षा ही सवय अधिक टिकाऊ ठरली.

निधन आणि वारसा

१८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, स्वामी कुवलयानंद यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर स्वामी दिगंबरजी यांनी कैवल्यधामाची धुरा सांभाळली. कैवल्यधामाचे संशोधन, महाविद्यालय, रुग्णालय आणि योगमीमांसा ही कामे त्यांच्या पश्चातही चालू राहिली. भारतीय डाक विभागाने ३० ऑगस्ट २०१९ रोजी, म्हणजे त्यांच्या जन्मदिनीच, आयुष क्षेत्रातील थोर उपचारकांवरील टपाल तिकिटांची मालिका प्रसिद्ध केली. या मालिकेत स्वामी कुवलयानंद यांच्या तिकिटाचा समावेश आहे.